टॉर्च भावजींचाच होता

१

जुना टॉर्च ओळखून त्याची किंमत सांगणं ही काही फार मोठी विद्या नाही. मला ती येते, आणि त्यापायी माझं डोकं उठतं. माझं वापरलेल्या वस्तूंचं दुकान आहे. कॅमेरे, दुर्बिणी, घड्याळं, वाट्टेल ते येतं. सगळ्यात जास्त वैताग आणतात ते टॅक्टिकल टॉर्चवाले. मुठीत मावणारा, काळा, जाड धातूचा, तोंडाशी दातेरी कड असलेला टॉर्च घेऊन येतात आणि दबक्या आवाजात सांगतात, हा सैन्यातला आहे. सगळ्यांचेच सैन्यातले. एवढे टॉर्च इकडे आले तर ते सैन्य अंधारात काय करतंय, देव जाणे.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी अंग बघायचं. खिशात वावरलेला टॉर्च क्लिपपाशी घासतो, कमरेच्या पट्ट्यात अडकवलेला तोंडाशी. मग अंगावर कोरलेला नंबर, कारण पहिल्या काही वर्षांचेच नंबर कोरलेले असायचे. मग मागचं झाकण उघडून स्प्रिंग बघायची, आत सेल फुटून गळलाय का ते बघायचं. मग बल्ब. जुन्या टॉर्चमध्ये तारेचा पिवळट बल्ब असतो. हौशी मंडळी तो काढून एलईडी बसवतात आणि सुधारणा केली म्हणून जास्त पैसे मागतात. सुधारणेमुळे भाव निम्मा झाला असं सांगितलं की तोंड पाडून बसतात.

हे सगळं झालं की मागची खोली. तिला खिडकी नाही. समोरची भिंत मी पांढरीशुभ्र रंगवून घेतली आहे आणि अलीकडे जमिनीवर पट्टी मारली आहे. पट्टीवर उभं राहायचं, दार लावायचं, उजेड भिंतीवर टाकायचा. प्रत्येक जातीच्या टॉर्चचा त्या भिंतीवर पडणारा गोल मला पाठ आहे. कुणाचा ताटलीएवढा, कुणाचा ताटाएवढा. गोल बघितला की आत कोणी काय घोळ घातलाय ते कळतं. आजवर कधी चुकलं नव्हतं.

२

तो टॉर्च आणला पाणीपुरवठा खात्याच्या कारकुनाने, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. सोबत माझी थोरली बहीण.

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, त्याच खात्यात होते. गावाखालून पाण्याचे बोगदे जातात, त्यांत उतरून झडपा तपासायचं काम. गेल्या वर्षी एका सकाळी ते नेहमीसारखे उतरले आणि वर आलेच नाहीत. खूप शोधाशोध झाली. काही म्हणजे काही सापडलं नाही. आणि आता, कधीचाच बंद केलेला एक जुना फाटा होता, तो फोडल्यावर आत हा टॉर्च पडलेला मिळाला.

"आम्हाला तुमचं एक पत्र पाहिजे," कारकून म्हणाला. "टॉर्च यांच्या मिस्टरांचाच आहे का, आणि आजची किंमत काय. दुकानाच्या शिक्क्यासकट."

"किंमत कशाला?"

"मयताच्या वस्तूची किंमत लिहावी लागते."

"मयत कोणी ठरवलं?" ताई म्हणाली.

"म्हणून तर पत्र पाहिजे ना बाई." त्याने खुर्ची ओढून घेतली. "टॉर्च त्यांचा निघाला तर कामावर असताना अपघाती मृत्यू. तुम्ही सही करायची, पेन्शन सुरू. नाही निघाला तर न सांगता निघून गेलेले, तसा शेरा पडेल. मग काही नाही."

ताईला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. वर्षभर तेच ऐकत होते मी. तिला वाटायचं, भावजी कंटाळले आणि कुठेतरी निघून गेले. बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाने बाहेर पडले आणि कुठेतरी सुखात आहेत. नवरा पळून गेलेला असू दे म्हणून साकडं घालणारी बायको मी तरी दुसरी पाहिली नाही. घरभाडं थकलं होतं, शिवणकाम करून डोळे अधू झाले होते, पण पेन्शनचं नाव काढलं की हिचा चेहरा उतरायचा.

"तू नीट बघ, धाकटे," ती मला म्हणाली. "त्यांची नसणार ती बॅटरी. असल्या पुष्कळ असतात."

मी म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार.

३

अंग बघितलं. मुलामा क्लिपपाशी घासलेला. नंबर होता, म्हणजे पहिल्या वर्षांतला. बल्ब मूळचा, काच मूळची. धडाला कोणीतरी रबराची पट्टी गुंडाळली होती आणि तिच्यावर चिखलाचा थर वाळला होता. तो काढायचं काम नंतरचं. याला लागतात फोटोच्या कॅमेऱ्यातले बुटके जाड सेल. ते धड कुठल्या दुकानात मिळत नाहीत आणि मिळाले तर दुकानदार सोनं विकल्यासारखा भाव सांगतो. माझ्याकडे दोन होते. घातले आणि मागच्या खोलीत गेले.

या टॉर्चचा गोल ताटाएवढा पडायला हवा. पडला तो भिंत भरून. फिका, पसरट, कडा विरघळलेल्या.

म्हटलं, झालं. बल्ब सरकला असणार. उघडून बघितलं तर बल्ब जागच्या जागी. मागचा चकचकीत वाडगाही ठीक. पुन्हा लावला, पुन्हा तेच. असा पसरट गोल एकाच कारणाने पडतो, भिंत लांब असली की. आणि भिंत होती तिथेच होती, दोन ढांगांवर. टॉर्च स्टुलावर पेटता ठेवून मी जाऊन हातसुद्धा लावून आले. हात लावताना माझी सावली भिंतीवर पडली नाही, हे तेव्हा लक्षात आलं होतं, पण मी चिडलेली होते आणि चिडलेल्या माणसाला सगळ्या गोष्टींचा विचार करायला सवड नसते.

सेल दुपारपर्यंत संपले. मी टॉर्च फार तर पाचेक मिनिटं लावला असेल. बंद असताना सेल खाणारे जुने टॉर्च असतात, स्विच गंजून आतल्या आत वीज गळते. मी स्विच खोलला, स्पिरिटने पुसला, मीटर लावून बघितला. गळती अजिबात नाही. नवे सेल आणायला अर्धं गाव फिरले. घातले, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मेलेले. कारकून येऊन बसलेलाच होता. याला खात्यात दुसरं काम होतं की नाही कोण जाणे, रोज यायचा आणि माझा चहा प्यायचा.

"झालं का?"

"होईल तेव्हा सांगेन."

"किंमत तरी सांगून ठेवा."

"सेल खाणारा टॉर्च आहे. फुकटसुद्धा महाग पडेल. लिहून घ्या."

त्याने खरंच लिहून घेतलं.

४

तिसरे सेल घातले तेव्हा मी ठरवलं होतं की आता याचा छडाच लावायचा. पट्टीवर उभी राहिले, टॉर्च लावला, गोल बघितला, बंद केला.

गोल भिंतीवर तसाच राहिला.

मी हातातला टॉर्च बघितला. काच काळी होती. तळहात काचेसमोर धरला, काही नाही. भिंतीवर मात्र उजेड होता, फिका, पसरट. मला आधी राग आला तो लॉन्ड्रीवाल्याचा. माझ्या खोलीच्या भिंतीमागे त्याचं दुकान आहे आणि खिळे ठोकायचा त्याला भारी नाद. म्हटलं, याने भोक पाडलं असणार आणि तिकडचा दिवा इकडे येत असणार.

मग तो गोल हलला. माझा हात हलला नव्हता. गोल हळूहळू डावीकडे गेला, वर छताच्या कोपऱ्यात चढला, तिथे थोडा थांबला, मग उजव्या कोपऱ्यात गेला. कोणीतरी काहीतरी शोधत असावं तसा. मग विझला.

मी सरळ लॉन्ड्रीत गेले आणि त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा इस्त्री हातात धरून बघतच राहिला.

"अहो, तुमच्या भिंतीला माझी मांडणी आहे," तो म्हणाला. "जमिनीपासून छतापर्यंत. भोक पाडून मी काय कपड्यांना सिनेमा दाखवू?"

मी मांडणीवरचे गठ्ठे उतरवायला लावले. मागे भिंत होती. धड, गिलावा केलेली, साधी वीट निघालेली नव्हती. त्याने गठ्ठे परत लावायला मला मदत करायला लावलं, आणि चादरींच्या घड्या घालता घालता मी स्वतःला समजावत होते की डोळ्यांत गोल बसतो. दिवा बंद केला तरी डोळ्यांत त्याची आठवण राहते, आणि डोळे फिरले की ती फिरते. अगदी शास्त्रीय कारण आहे. चौथ्या चादरीपर्यंत मला ते पटलंसुद्धा.

५

दुसऱ्या दिवशी ताईसमोरच रबराच्या पट्टीवरचा चिखल धुतला. सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. झडप फिरवायला दोन्ही हात लागतात, तेव्हा बोगद्यातली माणसं टॉर्च दातांत धरतात. पट्टीवर दातांचे वळ होते, वर्षानुवर्षांचे, एकाच जागी. वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये रुंद फट.

भावजी हसले की आधी ती फट दिसायची.

ताईने टॉर्च हातात घेतला आणि वळांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "हं."

"ताई, मला पत्रात लिहावं लागेल. टॉर्च भावजींचाच आहे."

"टॉर्च आहे. ते कुठे आहेत?"

मी वस्तू ओळखते. वस्तू कोणाची ते सांगते. तिने मागितलं ते मला देता येत नव्हतं, आणि म्हणून मी उगाच तिच्यावरच ओरडले. म्हटलं, किती दिवस असं करणार आहेस, सही कर, भाडं भर, चार घास सुखाचे खा. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला एकदा पेटवून दाखव."

मी तिला मागच्या खोलीत नेलं. काही होणार नाही याची मला खात्री होती, म्हणजे ती असावी अशी माझी इच्छा होती. तिने स्वतः लावला आणि स्वतः बंद केला.

गोल राहिला. या वेळी परातीएवढा होता. डावीकडे गेला, कोपऱ्यात चढला, उतरला, आमच्या बाजूला आला आणि थांबला.

"तुलाही दिसतंय ना?" मी विचारलं.

अंधारात मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तो वर्षभरात पहिल्यांदा मोकळा येत होता. उजेड विझल्यावर ती म्हणाली, "तू म्हणालीस ना, टॉर्च त्यांचाच आहे म्हणून. मग त्यांच्याशिवाय कोणाच्या हातात असणार?"

हे असं झालं. माझ्या तोंडचं वाक्य तिने उचललं आणि त्याला घट्ट धरून बसली.

६

पुढचे काही दिवस मी आठवायलासुद्धा तयार नाही. ताई सकाळी घरचं आवरून यायची, खुर्ची घेऊन मागच्या खोलीत बसायची. सेल आणायची मीच. नाही आणले तर ती शिवणाच्या पैशातून आणायची, आणि ते मला बघवायचं नाही. गोल रोज लहान होत होता आणि ठळक होत होता. परातीचा ताटाएवढा झाला. मी तिला सांगू नये ते सांगितलं, की गोल लहान होतो तो टॉर्च जवळ आल्यावर. ती नुसती हसली. ते तिला माझ्याआधीच कळलं होतं.

"जवळ येतायत," ती म्हणाली. "वाट चुकले होते."

"ताई, भावजी असा टॉर्च मारतात का गं? आठवून बघ. ते पायाखाली बघून चालणारे. घरातली वीज गेली तर आधी उंबरठ्यावर उजेड टाकायचे, मग पुढे. हा सारखा वर बघतो. छताचे कोपरे बघतो. बोगद्यातून बाहेर पडायची वाट काय छतात असते?"

"वर्षभर अंधारात राहिल्यावर माणूस कुठेही बघेल."

"आणि गेलं वर्षभर खात काय होते?"

त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. येऊन बसायची मात्र. मी गिऱ्हाइकांशी भांडत होते, कारकुनावर खेकसत होते. एका माणसाने आणलेली चांगली दुर्बीण मी नको म्हणून परत पाठवली आणि नंतर हात चोळत बसले. मागच्या खोलीच्या बंद दारामागून मधूनमधून ताईचा आवाज यायचा, हळू, घरगुती. आज भाजी काय केली, घरमालकीण काय म्हणाली, सासरहून मुलीचं पत्र आलं. उत्तर कधी ऐकू आलं नाही. ते ऐकायला मी कधी दाराशी थांबलेही नाही.

शेवटी एका दुपारी कारकून म्हणाला, "आज शेवटचं. फाइल बंद होणार. सही नाही झाली तर शेरा पडेल आणि मग माझ्या हातात काही नाही."

तो बोलला ते खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. मी पत्र खरडलं, शिक्का मारला, किमतीच्या जागी फुली मारली आणि ताईला आणायला उठले.

७

दार उघडून आत शिरले आणि मागे लावून घेतलं, कारण कारकुनाला बाहेर बसून आत डोकावायची सवय होती. ताईने खुर्ची भिंतीच्या पार जवळ ओढली होती. गोल बशीएवढा होता, पांढरा, कडा स्वच्छ. टॉर्च तिच्या मांडीवर पडला होता, बंद.

"ऊठ," मी म्हटलं. "पुरे झालं."

"थांब जरा. आलेच आहेत."

मी पुढे होऊन टॉर्च उचलला, मागचं झाकण फिरवलं आणि दोन्ही सेल तळहातावर काढून घेतले. टॉर्चचं रिकामं नळकांडं तिच्या मांडीवर परत टाकलं. आता विझेल म्हणून मी भिंतीकडे बघितलं.

गोल भिंतीवरून खाली आला. जमिनीवर आला. ताईच्या चपलांवरून, लुगड्यावरून वर चढला आणि तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबला. ताईने डोळे मिटून हात आडवा धरला, आणि अगदी सवयीने, लाडक्या तक्रारीच्या सुरात म्हणाली, "अहो, डोळ्यांवर नको ना."

उजेड हलला नाही.

"अहो," ताई पुन्हा म्हणाली. या वेळी सूर बदलला होता.

मी तिच्या बाजूला, जराशी मागे उभी होते, म्हणून तिची सावली मला दिसत होती. समोरून उजेड आला तर बसलेल्या माणसाची सावली मागे लांब जाते, दारापर्यंत जायला हवी. ताईची सावली खुर्चीच्या पायांशी गोळा झाली होती. म्हणजे उजेड वरून येत होता. छताच्याही थोडा वरून. भावजी माझ्याहून चार बोटं बुटके होते.

ताईने हात खाली घेतला. डोळे किलकिले करून वर बघितलं, जिथून उजेड येत होता तिथे. तिला काय दिसलं ते तिने अजून सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. तिचा चेहरा मात्र मी पाहिला. वर्षभर धरून ठेवलेलं काहीतरी त्याच्यावरून निघून गेलं.

"कोण आहे?" ती म्हणाली.

उजेड तिच्या चेहऱ्यावरून निघाला. घाई नव्हती. माझ्या खांद्यावरून गेला, माझ्या मागे दारावर गेला. दाराची चौकट खालून वर, वरून खाली बघितली. कडीवर येऊन राहिला.

मी ताईला दंडाला धरून ओढत बाहेर आणली आणि दाराला बाहेरून कडी घातली. टॉर्च तिच्या मांडीवरून कुठेतरी घरंगळल्याचा आवाज आला होता. उचलायला कोण थांबतंय.

दुकानात लख्ख ऊन होतं. कारकून पेपर वाचत बसला होता. ताईने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि उभ्याउभ्या कागदावर सही केली, पूर्ण नावाने, एकही अक्षर हलू न देता.

"बाई, खात्री आहे ना? नंतर बदलता येत नाही."

"ते असते तर त्यांनी उजेड खाली घेतला असता," ताई म्हणाली, आणि तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलासारखी. म्हणत होती, "पळून गेले असते तर बरं झालं असतं गं, धाकटे." मी तिच्याजवळ बसले.

कारकुनाला काही कळलं नाही. त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "टॉर्च पण न्यावा लागेल. जमा करायचाय. कुठाय?"

"आत राहिला," मी म्हटलं. दोन्ही सेल माझ्या मुठीत होते, इतके घट्ट की बोटं उघडत नव्हती.

त्याने मागच्या दाराकडे बघितलं. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता, पांढरा, कडक, फटीच्या या टोकापासून त्या टोकाकडे सरकत होता.

"मग आत जे कोण आहेत," कारकून वैतागून म्हणाला, "त्यांना सांगा ना, तेवढा बाहेर आणून द्या म्हणावं."